सी मेकीचा पाव

मी एक जुनं लाकडी फावडं आहे. फेस शहरातल्या एका गल्लीत भट्टी आहे, तिच्यात पाव सारायचे आणि काढायचे हे माझं काम. मित्रांनो, माझा दांडा लांब आहे, आणि रागही काही आखूड नाही.

सुताराने मला अक्रोडाच्या फळीतून घडवलं आणि उस्ताद बुअज्जांच्या हाती दिलं. आमच्या गल्लीत घरोघरच्या बायका कच्चे पाव फळीवर मांडून भट्टीत आणतात. कोणता पाव कुठल्या घरचा, हे ओळखायचं उस्तादांनी. कोणाचा जाडा, कोणाची कड वाकडी; ते एका नजरेत घर सांगत. बायका म्हणत, "उस्ताद, दृष्ट लागेल हो तुमच्या डोळ्यांना!"

पुढे ते डोळे कडेकडून विझत गेले. मधलं तेवढं दिसे, मग तेही धूसर झालं. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत यायची नाही. उस्ताद मला भट्टीच्या भिंतीला टेकवून अंदाज घेत आणि गप्प राहत. बोलले असते तर काम गेलं असतं. पण एके दिवशी लग्नघरचे पाव मयताच्या घरी गेले.

भट्टीचा मालक मेकी, ज्याला गल्ली मानाने 'सी' मेकी म्हणते, भर गल्लीत ओरडला, "आंधळ्या, तुला गाढव तरी ओळखू येतं का? चालता हो!" त्याने मला मेहुण्याच्या, तहामीच्या हाती दिलं. उस्ताद भिंत चाचपत घरी गेले. मला फार लागलं ते.

मीही तहामीला सोडलं नाही. रोज त्याच्या तळहातात कुसळं घुसवली. त्याचे डोळे धडधाकट, पण सगळ्या घरांचे पाव त्याने एकमेकांत मिसळले. शेवटी गल्लीतल्या मानाच्या बाईने, लल्ला झोहरने, आपली फळी उचलली. "चला गं बायांनो, दुसऱ्या भट्टीत! याच्या डोळ्यांना काय चाटायचंय?" भट्टी थंड पडली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

सी मेकीला उस्तादांच्या दारी जावंच लागलं. कामावर परत यायला उस्तादांनी एकच अट घातली, की प्रत्येकीने पावावर बोटाला लागेल अशी खूण करायची. लल्ला झोहर दोन चिमटे काढते, कोणी काट्याने टोचते. सी मेकीच्या घरच्या पावावर त्याच्या अंगठीचा ठसा असतो. तो बोटाला लागला की उस्ताद मला थेट जाळाशी नेतात.

"उस्ताद, आजही करपला?" सी मेकी रडवेला होऊन विचारतो.

"काय करू, सी मेकी? आंधळा ना मी!"

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. म्हातारपणी माझा दांडा मोडला तरी मला जपून ठेवा. जाळायचंच झालं, तर सी मेकीचा पाव आत असताना जाळा.