सहादूचा दहावा

रामकुंडावर कावळ्यांना काय तोटा? पण माझ्या भावाच्या, सहादूच्या पिंडाला एकही शिवेना. शिवेल कसा? मीच शिवू देत नव्हते. उन्हाचं निमित्त करून काळी छत्री घेऊन पिंडाजवळ उभी होते. कावळा उतरला की छत्री हलवायची. कोणी मागे सरायला सांगितलं, की "भाऊ हाय माझा," म्हणून हुंदका द्यायचा.

अठ्ठ्याहत्तरची फ्लूची साथ. सहादू साथीच्या दवाखान्यात वॉर्डबॉय. सरकारचा हुकूम आला, मास्क फक्त डॉक्टर-नर्सना. रोग्याच्या तोंडाशी वाकून घाण काढणाऱ्यांना नाही. स्टोअरकीपर खंडेराव आमच्याच भावकीतला. मास्कची खोकी कुलपात भरलेली, आणि सहादूला म्हणतो, "मंत्री येतील त्या दिशी घाल. मंग परत कर." सहादूने गुमान घातला, गुमान परत केला. आठवड्यात फ्लूनेच गेला.

आणि हा खंडेराव दहाव्याला टोपी घालून सगळ्यांच्या पुढे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

गुरुजी घामाघूम झाले. "कशात जीव अडकलाय, बोला."

भावजय रडत म्हणाली, "पोरांना अंतर देणार नाय." कावळा आला, छत्री हलली, उडाला.

मग मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "त्याचा जीव मास्कात अडकलाय. खंडेरावभाऊ, आता तुमीच सोडवा."

सगळी भावकी त्याच्याकडे बघू लागली. तो चाचरला. "सरकारी माल हाय, अक्का. नोकरी जाईल माझी."

"मंग राहू द्या त्याला उपाशी. येईल तुमच्याच दारात."

माणूस मेला तरी न हललेला खंडेराव कावळ्याला भ्याला. पिंडापुढे हात जोडून म्हणाला, "सहादू, उद्याच कुलूप काढतो. वॉर्डबॉय, झाडूवाले, समद्यांना मास्क वाटतो."

मी छत्री मिटली. कावळा शिवला.

खंडेरावने शब्द पाळला आणि हुकूम मोडला म्हणून सस्पेंड झाला. त्याची बायको माझ्या दारात येऊन शिव्या देऊन गेली. त्या रात्री मला सहादू गेल्यापासून पहिल्यांदा जेवण गोड लागलं.

लोक अजून म्हणतात, सहादूचा जीव मास्कात होता. कशाचा! पिंड ठेवल्या ठेवल्या पहिला कावळा झेपावला होता. माझ्या साध्या भावाचं कोणावर काही राहिलं नव्हतं. राग माझा होता. त्यापायी मी त्याला भर दुपारपर्यंत उपाशी ठेवलं, आणि वेळ आली तर पुन्हा ठेवीन.