लकडगंज प्लायवूड

निवृत्तीनंतर आपल्याला फोटोग्राफीचा नाद लागला, असं मुकुंदराव सांगत. ऐकणारे मान डोलावत, कारण निवृत्त माणसाला काहीतरी नाद लागतोच आणि हा त्यातल्या त्यात बिनखर्चाचा. रोज सकाळी ते नागपुरातल्या नंदनवन वस्तीतल्या घरातून फिरायला निघत, मोबाइलवर एक फोटो काढत आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर टाकत. कधी गल्लीतला कडुनिंब, कधी अंबाझरी तलावाचं पाणी, कधी भाजीबाजारातला संत्र्यांचा ढीग. त्यांचे नियम कडक होते. फोटोत माणूस नको, वाळत घातलेले कपडे नकोत, खाली मजकूर नको आणि 'सुप्रभात' तर मुळीच नको. उगवत्या सूर्यावर सुविचार छापणाऱ्यांना ते अडाणी समजत.

एवढा कलावंत माणूस, पण फोटो टाकून झाला की त्याच्याकडे ढुंकून पाहत नसे. संध्याकाळी चहा घेता घेता ते पाहत, तो फोटो कोणी पाहिला. फिरायला सोबत येणारा बळीराम असे, ऑफिसातले जुने लोक असत, गॅसवाला असे. ही नावं ते अंगठ्यानं भराभर वर सरकवत. एका नावाशी मात्र अंगठा थांबे. ते नाव होतं 'लकडगंज प्लायवूड'. ते दिसलं की मुकुंदराव मोबाइल उलटा ठेवत आणि उरलेला चहा बशीत ओतून आरामात पीत.

प्लायवूडच्या दुकानदाराला कडुनिंबात इतका रस का असावा, असा प्रश्न कोणालाही पडेल. तर तो दुकानदार नव्हता. तो नंबर नूपुरचा होता.

नूपुर ही मुकुंदरावांची एकुलती एक मुलगी. दोन वर्षांपूर्वी तिनं नागसेनशी कोर्टात लग्न केलं. नागसेन कोराडीच्या वीज केंद्रात इंजिनिअर, शांत, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नसलेला. त्याच्या आजोबांनी छप्पन्न साली नागपुरात धम्मदीक्षा घेतलेली. मुकुंदराव जातपात मानत नसत, निदान चारचौघांत तसं सांगत. ऑफिसात त्यांनी सगळ्यांच्या डब्यातलं खाल्लं होतं आणि चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात एकदा भाषणही ठोकलं होतं. पण तो जावई होणार म्हटल्यावर पोटातलं ओठांवर आलं. त्या दिवशी ते जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. नूपुरनं ते ऐकून घेतलं, चपला घातल्या आणि ती गेली.

त्यानंतर त्यांनी घरात फर्मान काढलं, की यापुढे तिचं नाव निघता कामा नये. बायकोसमोर मोबाइल धरून त्यांनी मुलीचा नंबर काढून टाकला. शामलाबाई वटाणे सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकुंदरावांनी तोच नंबर पुन्हा साठवला. तो त्यांना पाठच होता. पण 'नूपुर' लिहायला बोट धजेना, आणि शामलानं पाहिलं असतं तर फर्मानाची शोभा झाली असती. तेव्हा सुचलं ते नाव त्यांनी ठोकून दिलं. फोटोंचा नाद लागला तो त्याच आठवड्यात, ही गोष्ट ते कधी कोणाला सांगत नसत.

यात एक गंमत होती, जी त्यांना ठाऊक नव्हती. ज्याचा नंबर आपण साठवलेला नसतो, त्याला आपलं स्टेटस दिसतच नाही. त्यामुळे पहिला कडुनिंब दिसला त्याच दिवशी पलीकडे नूपुरला कळलं होतं, की बापानं नंबर काढलेला नाही. तिनं फोन केला नाही, कारण तीही त्यांचीच मुलगी. पण त्या दिवसापासून तिनं एकही फोटो चुकवला नाही.

असं दोन वर्षं चाललं. मग या जानेवारीत संक्रांतीच्या पुढेमागे शामलाबाईंनी मोठी बॅग काढली.

"नंदिनीकडे जाते भिवापूरला," त्या म्हणाल्या. नंदिनी ही त्यांची धाकटी बहीण, तिच्या घरी मिरचीचा व्यापार. "मिरचीचे दिवस आहेत. देठं खुडायला बाया मिळून नाही राहिल्या. तुमचा डबा सांगून ठेवला आहे."

"किती दिवस?"

"पाहू. मिरची किती येते त्यावर."

बॅगेत कपडे भरताना त्यांनी विणायला घेतलेला पिवळा स्वेटरही टाकला. तो नंदिनीच्या नातवासाठी, असं त्या सांगत. मुकुंदराव मात्र कपाट उपसत होते.

"माझी निळी चौकड्याची लुंगी कुठे गेली?"

"ती फाटली होती. काढून टाकली."

"अगं, आत्ता कुठे मऊ झाली होती ती!"

"म्हणूनच काढली," शामलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी बॅगेची चेन ओढली.

त्या गेल्या आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी प्लायवूडचं नाव दिसलं नाही. मुकुंदरावांनी चहा थंड होऊ दिला. रात्री जेवताना पाहिलं, सकाळी उठल्यावर पाहिलं. नाव नव्हतं. पुढच्या दिवशीही नव्हतं. आयुष्यभर हिशेबखात्यात दोन रकमांचा मेळ घातलेल्या माणसाला या दोन घटनांचा मेळ घालता आला नाही, हे नवलच म्हणायचं.

त्यांना वाटलं, फोटोच कंटाळवाणे होत असावेत. म्हणून ते जोमाला लागले. धुक्यातला गोरेवाड्याचा तलाव टाकला, तेलंगखेडीच्या बागेतला गुलाब टाकला, तारेवर ओळीनं बसलेले राघू टाकले.

"काय गा मुकुंदा," बळीराम फिरताना म्हणाला, "आजकाल लय भारी फोटो टाकून राहिला. कोणाले दाखवून राहिला एवढं?"

"कोणाला नाही. नाद आहे," मुकुंदराव म्हणाले आणि झपाझप पुढे निघाले.

खरं सांगायचं तर ते घाबरले होते. पोरगी कंटाळली असेल, तर एक वेळ चालेल. म्हातारा काही सुधारत नाही म्हणून तिनं पाहणं सोडलं असेल, तर तेही समजण्यासारखं होतं. पण तिला काही झालं असेल तर? विचारायचं कोणाला? ज्या एका माणसाला विचारता आलं असतं, त्या माणसाला त्यांनीच तिचं नाव घ्यायची बंदी केली होती. आपणच घातलेल्या कुंपणात मुकुंदराव येरझाऱ्या घालत होते.

भिवापूरला रोज फोन होई. एकदा बोलता बोलता मागून बारीक आवाज आला.

"हे काय ओरडून राहिलं?" त्यांनी विचारलं.

"मांजर आहे. नंदिनीनं पाळली."

"नंदिनीला तर मांजर डोळ्यांसमोर चालत नाही."

"आता लळा लागला," शामलाबाई म्हणाल्या. "तुम्ही जेवले काय?"

"जेवलो." मुकुंदरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "बाकी सगळं ठीक?"

"कोणाचं?"

"सगळ्यांचं. एकंदरीत."

"एकंदरीत सगळे मजेत आहेत," शामलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. मुकुंदरावांचं काही समाधान झालं नाही.

शेवटी एका सकाळी ते अंबाझरीला जायला म्हणून निघाले आणि बर्डीच्या बसथांब्यावर कोराडीच्या बसमध्ये बसले. वीज केंद्राच्या धुराड्यांचा फोटो आपल्या संग्रहात एकदाही आलेला नाही, असं त्यांनी स्वतःला पटवलं. मुलीचा पत्ता आपल्याला माहीत नाही, असं ते सांगत. पण बसमधून उतरल्यावर त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. कोळशाचे ट्रक जाऊ दिले, रस्ता ओलांडला, कॉलनीच्या फाटकातून आत शिरले, दोनदा वळले आणि एका तीन मजली इमारतीसमोर चहाच्या टपरीपाशी जाऊन उभे राहिले.

झाडांच्या पानांवर राखेचा पातळ थर होता. उभ्या गाड्यांच्या काचांवरही होता, आणि एकीवर कोणीतरी बोटानं फूल काढलं होतं. दुसऱ्या मजल्यावर गॅलरी होती, दार अर्धवट उघडं होतं. जिना समोरच होता. मुकुंदरावांनी कानटोपी खाली ओढली, वर केली, पुन्हा खाली ओढली. त्यांनी चहा घेतला. तो संपला तशी दुसरा घेतला. वर जाऊन काय म्हणायचं, हे त्यांना काही केल्या सुचेना. 'इकडून चाललो होतो' म्हणावं, तर नंदनवनातून कोराडीला कोणी सहज जात नाही. माफी मागायची त्यांना सवय नव्हती, आणि या वयात ती जिना चढताना लागेल असंही वाटत नव्हतं.

मग ज्यासाठी आलो असं सांगता येईल ते तरी करावं म्हणून त्यांनी मोबाइल वर धरला. इमारतीच्या मागे धुराडं उभं होतं, वारा पडलेला होता, धूर सरळ वर जात होता. त्यांनी फोटो काढला आणि परतीची बस पकडली. बसमध्ये त्यांना स्वतःची चांगलीच लाज वाटली.

दुपारी त्यांनी तो फोटो टाकला. संध्याकाळी चहाला बसले आणि त्यांनी यादी उघडली. बळीराम, ऑफिसातले दोघं, गॅसवाला, आणि त्यांच्या खाली लकडगंज प्लायवूड. मुकुंदरावांनी डोळे मिटून घेतले. पोरगी जिवंत होती, धडधाकट होती, फोटो बघत होती. आणखी काही नको होतं.

तेवढ्यात बळीरामचा फोन आला.

"धुराडं मस्त घेतलं गा. पण मधात हे कोणाचे कपडे वाळून राहिले? तू त कपडे येऊ देत नाहीस फोटोत."

"कुठे कपडे?"

"मोठा करून पाह्य ना गा. खालतं, गॅलरीत."

मुकुंदरावांनी फोन ठेवला आणि फोटो दोन बोटांनी मोठा केला. धुराडं बाजूला गेलं, गॅलरी समोर आली. दोरीवर तपकिरी शाल होती. तशी शाल शामलाची होती. पण तशा शाली बाजारात पुष्कळ मिळतात. तिच्याशेजारी तळहाताएवढा पिवळा स्वेटर होता. आणि त्याच्यापुढे दोरीच्या टोकापर्यंत कापडाचे चौकोनी तुकडे, निळ्या चौकड्यांचे.

ते कापड ओळखायला त्यांना चष्मा पुसावा लागला नाही. वर्षानुवर्षं अंगावर वागवलेली लुंगी होती ती. तान्ह्या बाळाला नवं कापड टोचतं, म्हणून लंगोटांसाठी घरातलं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती काढतात. नूपुरच्या वेळी त्यांच्याच आईनं वडिलांचं धोतर फाडलं होतं, आणि त्या वेळी वडील केवढे फुशारून गेले होते तेही त्यांना आठवलं.

भिवापूरची मिरची आणि नंदिनीनं पाळलेली मांजर आता त्यांच्या डोक्यात शिरली. आपण आजोबा झालो हे आपल्याला आपल्याच फोटोनं सांगावं, याचं त्यांना हसू आलं आणि मग ते रडले. घरात कोणी नव्हतं, त्यामुळे ते सावकाश रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइल उघडला तर लकडगंज प्लायवूडच्या नावाशेजारच्या गोलाभोवती हिरवं कडं होतं. दोन वर्षांत त्या नंबरावरून कधी स्टेटस पडलं नव्हतं. मुकुंदरावांचं बोट वरच्या वर थांबलं. ते उघडलं की त्यांचं नाव तिकडे दिसणार होतं. बापानं पाहिलं, हे तिला कळणार होतं, आणि मग फर्मान, नंबर, प्लायवूड यातलं काहीही उरणार नव्हतं.

त्यांनी ते उघडलं.

फोटो वरून काढलेला होता, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून. खाली रस्ता, राख बसलेली गाडी, चहाची टपरी. आणि बरोब्बर मधोमध कानटोपी घातलेला एक म्हातारा, मोबाइल डोक्याच्या वर धरून, तोंड उघडं टाकून आभाळाकडे बघणारा. खाली मजकूर नव्हता.

मुकुंदरावांनी उत्तर लिहायला घेतलं. 'चुकलं माझं' लिहिलं आणि खोडलं. 'बाळ कसं आहे' लिहिलं, तेही खोडलं. शेवटी एक वाक्य जमलं, ते पाठवून दिलं.

'कपडे बाहेर वाळत घालू नका. राख पडते.'

उत्तर लगेच आलं.

'मग येऊन आत घ्या ना बाबा.'

त्या दिवशी मुकुंदरावांच्या स्टेटसवर फोटो पडला नाही. संध्याकाळी बळीरामनं काळजीनं फोन लावला. तो बराच वाजल्यावर उचलला गेला.

"काय गा, आज फोटो काहून नाही टाकला? तब्येत बरी हाय ना?"

"हात मोकळे नव्हते," मुकुंदराव हळू आवाजात म्हणाले.

"आणि मांगून हे काय ओरडून राहिलं गा? मांजर पाळली काय?"

"मांजर नाही," मुकुंदराव म्हणाले. "आमच्या नूपुरची मुलगी आहे."