जीवराम नानांचं पोट

जीवराम नानांचं पोट पुन्हा पाण्यानं भरलं, तेव्हा कुंदाबाईंनी नवऱ्याला काही विचारलंच नाही. विचारायचं काय? जळगावच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा सुई घालून पोटातलं पाणी काढलं, तेव्हाच दोघांना बजावलं होतं: लिव्हर दारूनं गेलंय, आता थेंबभरही नको, मीठ बंद, लघवीच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत, नाहीतर जिवावर बेतेल. मीठ आणि गोळ्या बाईंच्या हातात होत्या. राहिली दारू.

उभ्या रावेर तालुक्यात एवढी चौकस बाई दुसरी नसेल. नाना केळीच्या बागेतून आले की या त्यांच्या तोंडाजवळ नाक नेत. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत खताच्या गोण्यांमागे हात घालून बघत. नानांचा पिण्यातला जुना दोस्त वना ओट्यावर टेकायला आला, तर त्याला दारातूनच वाटेला लावलं. नाना म्हणत, सोडली म्हणजे सोडली. त्यावर बाई शेजारी ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या, पिणाऱ्याच्या शब्दाला काय किंमत! शेवटी नानांनी बोलणंच टाकलं. गप्प बसणारा माणूस तर जास्तच चोर वाटतो.

यावेळी पाणी इतकं चढलं की त्यांना आडवं होता येईना, दम लागे. परत जळगाव गाठलं. बाईंनी नानांच्या देखतच सांगितलं, हे चोरून पितात, तपासा. नानांनी मुकाट्यानं बाही वर केली.

रक्त तपासलं, लघवी तपासली. दारूचा मागमूस नव्हता. मग डॉक्टरांनी जेवणाचं विचारलं, तशा बाई खुलल्या. पांढरं मीठ घरातून कधीच काढलं म्हणाल्या. वरणात, वांग्याच्या भरतात, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीत, सगळीकडे उपासाचं सैंधव. उपासाला चालतं ते काय मिठात धरायचं? वर त्याला खारटपणा कमी, म्हणून हात जरा सैलच सोडते.

सैंधवही मीठच, डॉक्टर म्हणाले, आणि पोटातलं पाणी त्यानंच वाढवलं.

काखेत कळसा नि गावाला वळसा. पण हसायची वेळ नव्हती. नानांच्या पोटाला नळी लावली होती, पिवळं पाणी बाटलीत उतरत होतं, आणि बाजूच्या स्टुलावर बसलेल्या बाईंना स्वतःची भयंकर लाज वाटत होती. नाना त्यांच्याकडे एकटक बघत होते. ती संशयाची नजर बाईंच्या चांगल्याच ओळखीची होती; आजवर ती त्यांचीच होती.

"मुद्दाम तं नाही केलं ना तू?" नानांनी विचारलं.

"देवाशपथ, मले माहीत नव्हतं. इश्वास ठेवा माह्यावर."

"मी बी तुले हेच सांगत व्हतो," नाना म्हणाले.