दोन काठांच्या दोन पट्ट्या

मी नदीतली मोजपट्टी. आता कोरडी पडले असले, तरी ओळख जुनीच सांगते.

एका सुताराने मला चौदा फुटी अखंड फळीतून काढलं, पांढरा रंग दिला आणि काळे आकडे स्वतःच्या हाताने रंगवले. पाचाचा आकडा त्याला कधी जमला नाही. माझे सगळे पाच जेवून उठल्यासारखे पोट पुढे काढून उभे आहेत.

मला नदीच्या डाव्या काठावर खडकात रोवलं. नदी म्हणजे दोन प्रांतांची हद्द. पलीकडच्या प्रांताने उजव्या काठावर आपली वेगळी पट्टी रोवली. पाणी एकच होतं, पण दुसऱ्याच्या आकड्यावर भरवसा कोण ठेवणार?

माझा मोजणीदार रोज सकाळी आठला यायचा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून माझ्यासमोर वाकायचा. समोरच्या काठावर तिकडचा मोजणीदार तसाच वाकलेला असायचा. मग आमचा हाक द्यायचा, "पाहुणे, किती?" तिकडून उत्तर यायचं, "सहा फूट, तीन इंच. चष्मा पुसलात का आज?" आकडा जुळला की दोघे आपापल्या रजिस्टरात लिहायचे. ती हाक ऐकल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नसे.

एका वर्षी पुराने पलीकडची पट्टी उखडली. वर कळवावं तर चौकशी, खुलासे, महिनाभर हेलपाटे. म्हणून या दोघांनीच ती परत बसवली. आमच्याने दोर धरला, त्याने पहार चालवली. पण जुन्या जागी खडक फुटेना, तेव्हा त्यांनी ती दोन फूट वर रोवली. आता तिकडे दोन फूट कमी दिसणार होतं. पाहुणे म्हणाले, त्यात काय, लिहिताना दोन मिळवीन. आणि ते मिळवत राहिले, एकोणीस वर्षं.

मग नदीवर धरण बांधून वीज करायची ठरली. वीज कोणाला किती, दरवाजे कोण उघडणार, यावर दोन्ही प्रांत तीन वर्षं भांडले. शेवटची बैठक आमच्या काठावरच्या विश्रामगृहात, ओसरीवर झाली. मी तिथून तीस पावलांवर होते. तिकडच्या अधिकाऱ्यांबरोबर पाहुणेही रजिस्टरांचा गठ्ठा घेऊन आले होते.

पाणी साठ फुटांपर्यंत अडवायचं, यावर एकमत झालं. आमच्या गावातल्या खालच्या आळीतलं सगळ्यात खालचं घर माझ्या शून्यापासून एकसष्ट फुटांवर. म्हणजे उंबरा वाचत होता. त्या घरात आमच्या मोजणीदाराची विधवा बहीण राहायची.

आता साठ फूट कुठल्या पट्टीच्या शून्यापासून मोजायचे? आमचे सचिव खुशीत होते. दोन्हीकडची रजिस्टरं इंचाइंचाला जुळतात, मग कुठलीही लिहा, म्हणाले. आधीच्या कलमात तिकडच्यांनी माघार घेतली होती, म्हणून त्यांचा मान राखायला उजव्या काठाची पट्टी लिहिली गेली.

तिचे साठ म्हणजे माझे बासष्ट. पाणी बहिणीच्या घरात फूटभर शिरणार होतं.

आमचा मोजणीदार दाराशी उभा होता. एरवी साहेबांपुढे तोंडात मिठाची गुळणी धरणारा माणूस. तो पुढे आला.

"साहेब, दोन पट्ट्या एक नाहीत."

"रजिस्टरं तर जुळतात."

"आम्ही जुळवतो, साहेब."

मग तिकडचा मुख्य अभियंता हसला. बहिणीचं घर आहे म्हणे, बोलणारच, असं काहीसं म्हणाला आणि पाहुण्यांकडे वळून त्याने हे खरं का म्हणून विचारलं. पाहुण्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली असती, तरी सही झाली असती. दोन फूट जास्त पाणी म्हणजे त्यांच्या प्रांताला जास्त वीज.

पाहुण्यांनी गठ्ठा खाली ठेवला. "दोन फुटांचा फरक आहे. मीच बसवली. दोर यांनी धरला होता."

"तुम्ही नोकरी कोणाची करता?"

"तुमचीच, साहेब. पण त्या घरात मी जेवलोय."

दुपारी दुर्बीण लावून मोजलं. दोन फुटांना बोटभर कमी भरलं. करारात माझं नाव आलं, पण मान माझा नव्हता, हे मला कळत होतं. एकोणीस वर्षांच्या रजिस्टरांवर 'अविश्वसनीय' असा शिक्का बसला. आमच्याला गोदामात बसवलं. पाहुण्यांना आठवड्यात कामावरून काढलं. त्यांच्या गावात त्यांना फितूर म्हणत, असं एका नावाड्याने सांगितलं. ते गाव सोडून कुठे गेले, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

धरण भरण्याआधी माझ्या शून्यापासूनची उंची वरच्या खडकात कोरून घेतली आणि मला उपटलं. आमच्याने मला खांद्यावरून बहिणीकडे आणलं. आता मी तिच्या भिंतीलगत दोन दगडांवर आडवी आहे. तो माझ्यावर बसून समोरचं पाणी बघायचा. बहीण म्हणायची, "गळक्या घरासाठी दोघांनी नोकरीची वाट लावलीत, शहाणे." तो ऐकून घ्यायचा. दोन वर्षं झाली, तो गेला. ती मात्र अजून छपराला शिव्या देत इथेच राहते आहे.

माझे आकडे पुसट झालेत, वाळवीही लागली आहे. माझं काही मागणं नाही. पण तुम्ही वाटसरू, तुमचं फिरणं असतं, म्हणून विनवते. कुठे नदीच्या उजव्या काठाचा एखादा म्हातारा भेटला, चष्म्यावरून थट्टा करणारा, तर त्याला एवढं सांगा, की पाणी दर वर्षी येतं आणि उंबऱ्याच्या फूटभर खाली थांबतं. घरात चूल पेटते. त्याचं पान अजून वाढता येईल.