काचेचा दोष

दुर्बिणीचं मोठं भिंग तोंडाजवळ धरून अण्णा त्याच्यावर हळुवार श्वास सोडत, आणि क्षणभर धूसर झालेली ती काच जुन्या मलमलीच्या तुकड्याने मधून कडेकडे पुसत नेत. पश्चिमेच्या खिडकीतून उतरणारं कार्तिकातलं पिवळसर ऊन त्या वेळी त्यांच्या पांढऱ्या मिशांवर विसावलेलं असे, स्पिरिटचा उग्र वास खोलीभर पसरलेला असे, आणि त्यांचा चेहरा तापलेल्या मुलाचं अंग पुसणाऱ्या आईसारखा चिंतातुर दिसे. धारवाडचं आमचं कॉलेज आठवलं की मला आधी हे आठवतं.

पदार्थविज्ञानाचा विभाग म्हणजे तीन खोल्या आणि गच्चीवर पत्र्याच्या घुमटाची लहानशी वेधशाळा. अण्णा विभागाचे प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखालचा डेमॉन्स्ट्रेटर, एवढाच आमचा संसार. तेच लंबक, विजेच्या घटांचा तोच आंबूस दर्प, उत्तरं आधीच ठाऊक असलेले तेच प्रयोग. वर्षानुवर्षं हे करून अण्णा मनाने इतके शिणले होते की तास संपल्यावर फळा पुसणंही त्यांच्या जिवावर येई. हा शीण उतरे तो फक्त शनिवारच्या संध्याकाळी. त्या दिवशी वेधशाळा गावाला खुली असायची. वकील, मास्तर, हुबळीहून बायकामुलांसह आलेले व्यापारी दुर्बिणीच्या शिडीखाली रांग लावीत. अण्णा आधी स्वतः दुर्बिणीला डोळा लावीत आणि मनाजोगतं दिसलं की "या, बघा," म्हणत बाजूला होत. आयुष्याकडे त्यांनी एवढंच सुख मागितलं होतं.

धारवाडचा पावसाळा म्हणजे काचांचा वैरी. महिनोन्महिने झिमझिम चाले, ओल भिंतींतून कपाटात आणि कपाटातून भिंगात शिरे, आणि दसऱ्याला घुमट उघडावा तर काचेवर बुरशीची बारीक जाळी धरलेली असे. म्हणून त्या वर्षी ताऱ्यांभोवती धूसर कडी दिसू लागली तेव्हा अण्णांनी नेहमीप्रमाणे काचेवर ठपका ठेवला. भिंग उतरवलं, पुसलं, चढवलं, कडी तशीच. पुन्हा उतरवलं. मी डोळा लावला की तारा टाचणीच्या टोकासारखा स्वच्छ दिसे, आणि मला वाटे, आपल्यालाच बघता येत नसेल.

मग एका सांजेला आम्ही दोघं गच्चीच्या कठड्याशी उभे होतो. आकाश निवळशंख होतं. रायापूरकडून एक बैलगाडी येत होती आणि तिच्याखाली कंदील लोंबत होता.

"आज धुकं फार आहे रे," अण्णा म्हणाले. "कंदिलाभोवती बघ, कसं रंगीत कडं पडलंय."

त्या कंदिलाच्या आणि त्यांच्या डोळ्यांच्या मध्ये कुठलीच काच नव्हती. ज्या माणसाला बघण्यावाचून दुसरं काही नको होतं, त्याला हे सांगायचं तरी कोणत्या तोंडाने? इकडे रोजच्या त्या पुसण्याने भिंगावर ओरखडे उठतील की काय, अशीही भीती वाटू लागली होती.

शेवटी ते सांगितलं हुबळीच्या दाजीबानपेठेतल्या एका कापडवाल्याकडच्या आक्कांनी, आणि आपण काय सांगितलं याचा त्यांना पत्ताही नव्हता. त्या शनिवारी शनी दाखवायचा होता. आक्का शिडीशीच अडल्या.

"शनीकडं बघावं काय हो अण्णा? मागं लागला म्हणजे?"

"तुम्ही त्याला बघायला आलात, आक्का. त्याला तुमची खबरही नाही," अण्णा म्हणाले, आणि वर पुस्ती जोडली, "काच जरा बिघडली आहे, धुरकट दिसेल. सांभाळून घ्या."

आक्कांनी पदर सावरून डोळा लावला. मग एकदम म्हणाल्या, "अगं बाई! कित्ती लख्ख दिसायलंय की हो! गोळा वेगळा, कडं वेगळं, मधली काळी फटसुद्धा! धुरकट कुठं आहे?"

रांगेतली माणसं हसली. अण्णा हसले नाहीत.

"फट दिसते?" त्यांनी हळूच विचारलं.

"दिसती की. चांगली दिसती."

मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी खिशातून मलमलीचा तुकडा काढला, त्याची नीट घडी घातली आणि तो परत खिशात ठेवला.

हुबळीच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, आणि गेलेली नजर परत येत नाही हेही सांगून टाकलं. परतताना अण्णा आगगाडीच्या खिडकीशी बसले होते. धारवाड जवळ आल्यावर म्हणाले, "म्हणजे दोष काचेचाच निघाला बघ." आणि हसले. ते हसणं ऐकून मला रडू आवरेना.

त्यानंतर भिंगाला त्यांनी हात लावला नाही. शनिवारी मात्र येत राहिले, शिडीच्या पायाशी खुर्ची टाकून बसत आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारत, "काय दिसलं?" कुणी मराठीत सांगे, कुणी कन्नडात, कुणाला मंगळ कुंकवाच्या कणासारखा वाटे, कुणाला चंद्र डाग पडलेल्या भाकरीसारखा. अण्णा मान खाली घालून ऐकत आणि मध्येच म्हणत, "आणि?" सांगणारा मग ओशाळून पुन्हा शिडी चढे. असे कितीतरी हिवाळे गेले. हळूहळू त्यांना खुर्चीपर्यंत हाताला धरून न्यावं लागलं, आणि मग एका वर्षी ती खुर्ची मांडायचं कारणच उरलं नाही.

आता त्यालाही पुष्कळ काळ लोटला. मी अजून अधूनमधून दुर्बिणीला डोळा लावतो. काच चांगली आहे, माझी नजरही बरी आहे. पण खाली उतरल्यावर काय दिसलं म्हणून विचारणारं कुणी नाही, आणि कुणी न विचारलेलं दिसणं मनात फार दिवस टिकत नाही.