केरूनानांची मखमली पेटी

तेजस्विनीचं पिस्तूल चव्वेचाळीस पूर्णांक सहा मिलिमीटर जाड होतं. स्पर्धकांचं साहित्य तपासणाऱ्या केरूनानांच्या लाकडी पेटीत पंचेचाळीस मिलिमीटरपर्यंतचं पिस्तूल मावायला हवं होतं. आणि ते मावत नव्हतं.

नानांनी ते पेटीवर ठेवलं, एकदा हलकेच दाबलं आणि उचलून टेबलावर ठेवलं. "पुन्हा घालून बघा ना," ती म्हणाली. नानांनी सांगितलं की नियमात 'घालून पाहावे' असं लिहिलंय, 'पाहत राहावे' असं लिहिलेलं नाही. मग त्यांनी तिच्या फॉर्मवर 'साधा गट' खोडलं आणि शेजारी सुवाच्य अक्षरात 'मुक्त गट' लिहिलं. शाईने.

आडगावच्या पुढे द्राक्षांचं एक बंद पडलेलं पॅकहाउस आहे, तिथे दरवर्षी दिवाळीच्या आधी जिल्ह्याची प्रॅक्टिकल पिस्तूल स्पर्धा भरते. पिस्तुलं गॅसवर चालणारी, बारीक छर्ऱ्यांची. एका जागी श्वास रोखून उभं राहायचं नसतं. शिट्टी झाली की कमरेच्या होल्स्टरमधून पिस्तूल काढायचं, पिंपांच्या आडून पळायचं आणि पळता पळता लोखंडी ताटल्या पाडायच्या. साध्या गटात पिस्तूल साधं, पेटीत मावणारं. मुक्त गटात काहीही चालतं. लाल ठिपक्याची दुर्बीण लावा, नळीला नळी जोडा, कुणी विचारत नाही. पंचविशीच्या आतला एकेक जण दर गटातून राज्याच्या संघात जातो. तेजस्विनीला जानेवारीत पंचवीस पूर्ण होणार होती. म्हणजे जे काही व्हायचं ते आजच.

मागच्या दोन वर्षांचं सांगायचं तर पहिल्या वर्षी तिचा पट्टा बाद झाला. पट्टा विजारीच्या किमान तीन लूपमधून जायला हवा, आणि बायकांच्या विजारी शिवणाऱ्यांना हा नियम कुणी कळवलेला नव्हता. दुसऱ्या वर्षी पट्टा पास झाला, पण छर्ऱ्यांच्या मॅगझिनचा खिसा कमरेच्या हाडाच्या पुढे आला. हाड नक्की कुठे आहे यावर पाऊण तास चर्चा झाली. शेवटी नानांनी खडूने तिच्या विजारीवर रेघ मारली. रेघ मारेपर्यंत तिचा नंबर पुकारून गेला होता.

गंगापूर रोडवर डोळ्यांच्या दवाखान्यात ती लोकांचे चष्म्याचे नंबर तपासते. दिवसभर समोरच्याला 'आता बरं दिसतंय की मघाशी' असं विचारत बसायचं, त्यामुळे तिचा संयम बरा आहे. यंदा तिने नियमांचं पुस्तक तीनदा वाचलं. पिस्तुलाची लाकडी मूठ पॉलिश पेपरने घासली. गणपतीत घासली, नवरात्रात घासली. आई म्हणाली, देवापुढे तरी घासू नकोस. चव्वेचाळीस पूर्णांक सहावर आल्यावरच ती थांबली.

त्यामुळे आता ती टेबलापुढून हलेना. मागे रांग नव्हती. तिच्या गटातल्या बाकी चौघांची बारीक पिस्तुलं सकाळीच पेटीत मावली होती आणि त्यांच्या पहिल्या फेऱ्याही झाल्या होत्या. ती पेटीकडे बघत राहिली. सागवानी पेटी, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, झाकणावर दसऱ्याचं हळदकुंकू अजून वाळून राहिलेलं. आणि आतून लालभडक मखमल.

मखमल मागच्या वर्षी नव्हती.

तिने विचारलं. नाना खुलले. एसटीत तिकीट तपासनीस म्हणून तीस वर्षं काढलेला माणूस, पण पेटीचा विषय निघाला की मऊ व्हायचा. मागच्या वर्षी कुणाच्या तरी पिस्तुलाला चरा पडला, तक्रार झाली. म्हणून यंदा शस्त्रपूजेच्या आधी मंडळींकडून आतून मखमल लावून घेतली. मुलीच्या रुखवतातली उरलेली होती, चांगली जाड होती.

"नाना, पेटी पंचेचाळीसची राहिली नाहीये," तेजस्विनी म्हणाली.

"मी स्वतः बनवलीय."

"बनवली तेव्हा पंचेचाळीस होती."

हे ती उगाच म्हणत नव्हती. तिच्या लहानपणीच्या सुट्ट्या लासलगावला लहानूमामाच्या खळ्यावर गेल्या होत्या. तिथे परदेशी जाणारा कांदा पंचेचाळीसच्या वर लागतो, आणि सुट्टीत आलेल्या भाच्यांना बसवायला त्याहून चांगलं काम मामाला सुचलेलं नव्हतं. पाच-सहा हजार कांदे हाताखालून गेले की पंचेचाळीस मिलिमीटर डोळ्यात बसतं. नंतर ते निघत नाही. तिला लग्नातल्या लाडवांकडे बघूनही कळायचं.

नाना म्हणाले, डोळा हे प्रमाणित साधन नाही. जाडी मोजायचा व्हर्नियर आहे का? तिचा व्हर्नियर घरी होता. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाकडे एक होता, तो मागच्या सचिवांनी नेला होता आणि ते आता पुण्यात होते.

दारापाशी लहानूमामा उभा होता. सकाळी त्यानेच तिला पिकअपमधून आणलं होतं, जाता जाता नाशिकच्या एका व्यापाऱ्याला कांद्याचं सॅम्पल दाखवायचं म्हणून. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पिकअपकडे गेला. परत आला तेव्हा त्याच्या एका हातात कांदे निवडायची लोखंडी कडी होती आणि दुसऱ्या हातात पाच-सहा कांदे.

"ही पंचेचाळिसाची कडी हाय," तो टेबलावर कांदे ठेवत म्हणाला. "हिच्यातून जो जेमतेम निघंल, तो तुमच्या पेटीत बसाया पायजे. नाय बसला तर पेटी बारकी. लय सोपं हाय, नाना."

त्याने कांदे एकेक कडीतून घालून पाहिले. चौथा बरोबर निघाला, कडीला घासत, सालीचा एक पापुद्रा मागे ठेवून. मामाने तो पेटीवर ठेवला. कांदा पिस्तुलासारखाच मखमलीच्या काठावर अडकून राहिला.

नानांनी नियमांचं पुस्तक उघडलं. पुस्तकात कांदा नव्हता.

एव्हाना पंधरावीस माणसं जमली होती, आणि नाशिक जिल्ह्यात पंधरावीस माणसांपुढे कांदा ठेवला की जे होतं ते झालं. सटाण्याच्या एकाने सांगितलं की हा उन्हाळ कांदा कांदाचाळीत राहून सुकलाय, मोजायला ताजा हवा. कळवणच्या बाईंचं म्हणणं, उन्हाळच बरा, लाल कांदा दाबला की दबतो. कुणी कांद्याची दुसरी बाजू मोजायला सांगितली. कुणी गोणी कुठल्या शिवारातली ते विचारलं. देवळ्याचा एक पोरगा, जो स्वतः साध्या गटात पहिल्या फेरीत पुढे होता, तोही कडी हातात घेऊन बघू लागला. स्पर्धा वीस मिनिटं थांबली. तेवढ्यात मामाला सॅम्पलसाठी दोन गिऱ्हाइकं मिळाली.

तेजस्विनी या सगळ्याच्या मधोमध पिस्तूल हातात घेऊन उभी होती.

शेवटी मुक्त गटातला गोरक्ष पुढे आला. द्राक्षवाल्यांचा मुलगा, त्याच्या पिस्तुलावर दुर्बीण एवढी मोठी की पिस्तूल तिचं स्टँड वाटायचं. तो म्हणाला, नाना, मखमल काढा ना, विषय संपेल. नानांनी खिशातून चाकू काढला. मखमल निघताना त्यांच्या चेहऱ्याकडे कुणी बघितलं नाही. मग त्यांनी तेजस्विनीचं पिस्तूल पेटीत सोडलं. ते खुट्ट आवाज करून तळाशी जाऊन बसलं.

"बसलं," तेजस्विनी म्हणाली.

"बसलं," नाना म्हणाले. "पण फॉर्म शाईने लिहिलाय."

एका स्पर्धेत एका माणसाची साहित्य-नोंद एकदाच होते. मुक्त गटात गेलेला परत येत नाही. ती काही बोलणार इतक्यात नानांच्या डोक्यात पुढचं कलम आलं आणि त्यांचा चेहरा पडला. पेटी सदोष, तर त्या पेटीतून सकाळी झालेल्या चारही तपासण्या सदोष. ज्याची तपासणी वैध नाही तो मुक्त गटात. आणि त्यांच्या फेऱ्या सुरू झालेल्या असल्यामुळे फेरतपासणी नाही.

नानांनी चारही फॉर्म मागवले आणि चारही ठिकाणी शाईने दुरुस्ती केली. देवळ्याचा पोरगा कडी खाली ठेवून पुढच्या फेरीसाठी निघून गेला. साध्या गटात आता कुणीच नव्हतं.

"म्हंजे न्याय झाला का नाय?" मामाने विचारलं.

"समान झाला," तेजस्विनी म्हणाली.

मग ती पळाली. राग डोक्यात घेऊन पळू नये असं सगळे शिकवतात, तिलाही शिकवलं होतं. पण पिंपांच्या आडून निघताना तिला ताटल्यांच्या जागी पुस्तकातली कलमं दिसत होती आणि ती एकेक खाली पडत होती. सहाव्या ताटलीवर दोन छर्रे खर्ची पडले, बाकी एकही वाया गेला नाही. चार फेऱ्या संपल्या तेव्हा मुक्त गटात गोरक्ष पहिला होता आणि ती दुसरी, दोन सेकंदांनी मागे. बाकीचे दुर्बीणवाले तिच्या खाली होते. साध्या पिस्तुलाचे चौघे तर बरेच खाली.

मुक्त गटाची जागा गोरक्षला गेली. फळ्यावर साध्या गटापुढे लिहिलं होतं, 'स्पर्धक नाहीत'.

माणसं पांगली. नाना टेबलाशी बसून राज्याच्या कचेरीत पुण्याला पाठवायचा निकालाचा फॉर्म भरत होते. तेजस्विनी समोर जाऊन उभी राहिली. भांडायचं ठरवून गेली होती, पण नानांनी मान वर केली नाही.

"साध्या पिस्तुलात तू पहिली आहेस," ते फॉर्मकडे बघतच म्हणाले. "मी दोनदा मोजलं. पण ते लिहायला रकाना नाही."

"मग आखा ना, नाना."

"छापील फॉर्म आहे."

"माझं पिस्तूल मावत होतं. तुमची चूक होती. माझं वय पुढच्या वर्षी मावणार नाही."

एवढं बोलून तिने पिस्तुलाचा डबा उचलला.

नानांनी शेजारची पट्टी ओढली, मग ती बाजूला ठेवली, आणि नुसत्या हाताने फॉर्मच्या समासात एक उभी रेघ ओढली. रेघ खाली जाता जाता उजवीकडे कलली. तीस वर्षांत त्यांनी इतकी वाकडी रेघ ओढली नसेल. वर लिहिलं, 'साधा गट : सदोष पेटीमुळे बाधित'. खाली तिचं नाव, तिचे सेकंद, शिफारस, आणि सही. पुण्यात नानांच्या सहीवर आजवर कुणी प्रश्न विचारला नव्हता, आणि हे त्यांना माहीत होतं.

फॉर्म पाकिटात गेला. पाकीट बंद झालं. तेजस्विनीला आभार मानायचे होते, पण शब्द जुळेपर्यंत नानांनी खणातून दुसरा कोरा फॉर्म काढला होता. तक्रारीचा. तक्रार कोणाविरुद्ध, या ओळीवर त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. कारण, छापील फॉर्ममध्ये परस्पर रकाना वाढवणे. दुसरं कारण, मखमल. मग फॉर्म तिच्यापुढे सरकवला.

"साक्षीदार लागतो," ते म्हणाले.

ती नको म्हणाली. याची काय गरज आहे, कुणाला कळणारही नाही, असं बरंच समजावलं. नानांनी पेनाचं टोपण काढून पेन तिच्या हातात दिलं. शेवटी तिने सही केली.

नानांनी फॉर्म उचलला, चष्मा वर केला आणि सही जवळून पाहिली.

"पूर्ण नाव लिही," ते म्हणाले. "आद्याक्षरं चालत नाहीत."