गार आवाजाची वरात

जयंताच्या गाडीतून टिकटिक यायला लागली, तेव्हा आमच्या सोसायटीत आधी घड्याळजीला बोलावलं होतं, असं मी सगळ्यांना सांगतो. जयंत म्हणतो, अव्या थापा मारतो. मारत असेन. पण पुढचं सगळं घडलं तसंच सांगतोय. सांगताना कुठे चार बोटं वाढलं, तर तो वयाचा दोष समजावा.

जयंत माझ्या खालच्या मजल्यावर राहतो. सरकारी नोकरीतून निवृत्त, विधुर, आणि केसांना रंग लावायला नुकतीच पुन्हा सुरुवात केलेला. रंगाचं कारण दुसऱ्या मजल्यावर राहत होतं. कुसुमावतीबाई. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या, घरी अजून पेटीच्या शिकवण्या घेणाऱ्या, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. दोघांचं संध्याकाळचं फिरणं एकत्र, मंगळवारच्या बाजारातली भाजी एकत्र. लग्न हा शब्द मात्र दोघांपैकी कुणी तोंडातून काढला नव्हता. तो गेटवरच्या गार्डने काढला होता, पण गार्डचं या गाझियाबादेत कोण ऐकतो.

येत्या रविवारी जयंत त्यांना गाडीने पानिपतला नेणार होता. तिथे त्यांची थोरली बहीण वृंदाताई राहते, हातमागाच्या चादरींचा मोठा कारभार सांभाळते. तिला विचारल्याशिवाय कुसुमावतीबाई घरातले पडदेसुद्धा बदलत नाहीत. तेव्हा या जेवणाला बोलावणं म्हणजे काय, ते जयंताला कळत होतं. पानिपतला निघालेला मराठी माणूस आधीच जरा धास्तावलेला असतो. त्यात ही टिकटिक.

"जयंतराव, एक सांगून ठेवते," बाई म्हणाल्या होत्या. "आमच्या ह्यांच्या गाड्या अशाच आधी टिकटिक करायच्या आणि मग कुठेतरी मुरादाबादच्या रस्त्याला बंद पडायच्या. माझं अर्धं आयुष्य बॉनेट उघडलेल्या गाडीशेजारी गेलंय. आवाज करणाऱ्या गाडीत मी आता बसणार नाही. मी आपली बसने जाईन."

म्हणजे बाई बसने एकट्या, आणि जयंत घरी, रंगवलेल्या केसांसकट.

आता त्या आवाजाची खोड ऐका. सकाळी गार इंजिन सुरू केलं की टिक-टिक-टिक-टिक, थेट दुसऱ्या मजल्यापर्यंत. पाच-सात किलोमीटर गाडी चालली, इंजिन तापलं, की आवाज गायब. आधीच तापवून ठेवावी म्हटलं, तर बाईंच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर पार्किंगवर. "तुमची टिकटिक रोज माझ्या चहात पडते," त्या म्हणायच्या.

जवळच्या एका मेकॅनिकने ऑइल बदललं. आवाज तसाच. दुसऱ्याने प्लग बदलले आणि सांगितलं, "इंजन खोलना पड़ेगा." हे ऐकून जयंताचं तोंड ऑपरेशन ठरलेल्या पेशंटसारखं झालं. शेवटी मी म्हटलं, बिट्टूकडे जाऊ.

बिट्टूचं दुकान दिल्लीत करोल बागेत, गाडीच्या सुट्या भागांच्या गल्लीत. माणूस फुशारकी मारण्यात माझ्या तोडीचा, त्यामुळे आमचं जमतं. पण आम्ही गाझियाबादहून तिथे पोचेपर्यंत इंजिन तापलेलं आणि आवाज पळालेला. बिट्टूने बॉनेटवर कान ठेवला आणि म्हणाला, "अंकल जी, गड्डी एकदम ओके. आप कान चेक कराओ."

दुसऱ्या दिवशी जयंताने फोनवर आवाज भरून पाठवला. बिट्टूने विचारलं, "पीछे कोई मूँगफली भून रहा है क्या?"

"तू स्वतः ये ना यार सकाळी," मी फोनवर म्हटलं.

"जमना पार? मैं?" बिट्टू म्हणाला. त्याचा सूर असा, की यमुनेपलीकडे पासपोर्ट लागतो.

गाडी रात्रभर त्याच्याकडे ठेवावी, तर दुकानात जागा किती, एका स्टुलापुरती. गल्लीत ठेवायचं नाव काढलं तर तोच म्हणाला, "सुबह आपके ही टायर कोई मुझे बेचने आ जाएगा."

तेव्हा मी जयंताला म्हटलं, "इंजिन सुरूच करायचं नाही. आवाज गारच्या गार उचलून करोल बागेत न्यायचा."

"कसा?"

"दोरीने."

शनिवारी सकाळी धुकं असं होतं, की मी स्वतःच्या बुटांची लेस चाचपून बांधली. पप्पूची ई-रिक्षा सांगून ठेवली होती. तिच्या मागे दोर, दोराच्या मागे जयंताची गाडी, आणि ऊन आलं तर इंजिन तापू नये म्हणून बॉनेटवर मी ओली पोती घातली. अख्खं शहर रजया पांघरून बसलेलं आणि आम्ही गाडीला थंडी भरवत होतो. एवढ्यात शाल गुंडाळून कुसुमावतीबाई खाली आल्या.

"हे काय चाललंय?"

"गाडीचा आज निर्जळी उपास आहे," मी म्हटलं.

"अविनाशराव, खरं बोलायला तुम्हाला त्रास होतो का?"

"सवय नाही इतकंच."

जयंताने सगळं खरं सांगून टाकलं. तो असाच आहे, गोष्टीची मजा घालवतो. बाईंनी ऐकून घेतलं, दोर पाहिला, पोती पाहिली.

"म्हणजे करोल बागेपर्यंत इंजिन बंद?"

"पूर्ण बंद."

"आणि आवाज?"

"इंजिनच नाही तर आवाज कुठून येणार?"

बाईंनी पुढचं दार उघडलं आणि जयंताच्या शेजारी बसल्या. "मग माझी हरकत नाही. माझी अट आवाजाची होती. शिवाय तुम्हा दोघांना एकटं सोडलं, तर आवाज पोचेल आणि गाडी वाटेत हरवेल."

मी पप्पूच्या रिक्षात उलटा बसलो, दोरावर लक्ष ठेवायला. दोरापलीकडे काचेतून ती दोघं दिसत होती. बोलणं ऐकू येत नव्हतं, पण सुरुवातीला दोघं समोर बघत बोलत होती, म्हणजे धुक्याविषयीच असणार.

गाझीपूरला पोचेतो ऊन पडलं आणि पोती वाळायला लागली. मी मासळी बाजारातून बर्फाची लादी घेऊन बॉनेटवर ठेवली. बर्फ कालच्या रोहू माशाखालचा होता, हे मला घारींनी सांगितलं. गाझीपूरच्या कचऱ्याच्या डोंगरावर जेवढ्या घारी फिरतात, त्या सगळ्या डोंगर सोडून आमच्या मागे आल्या. यमुनेच्या पुलावर आमच्यापुरतं आभाळ काळं झालं होतं. एक घार तर पप्पूच्या आरशावर बसून भाव बघत होती.

आणि त्याच पुलावर रिक्षाची बॅटरी संपली.

मागे सगळी दिल्ली हॉर्न वाजवत होती. जयंत काच खाली करून म्हणाला, "अव्या, मी गाडी सुरू करतो. झालं तेवढं पुरे."

"खबरदार," हे मी नाही, बाई म्हणाल्या. "अर्धा रस्ता आवाज सांभाळून आणलाय. आता सुरू करून वाया घालवू नका."

देवाने तेव्हा दोन पांढऱ्या घोड्या पाठवल्या. लग्नाची बग्गी होती, रिकामी, संध्याकाळच्या वरातीसाठी करोल बागेकडेच निघालेली. बग्गीवाल्याशी माझं दोन मिनिटं बोलणं झालं, आमचा दोर बग्गीला बांधला गेला आणि पप्पूला रिक्षापाशी सोडून मी बग्गीवर चढलो. त्याला काय सांगितलं ते विचारू नका. एवढंच सांगतो, की त्याने जयंताला वाकून नमस्कार केला आणि आपल्याजवळची झेंडूची माळ गाडीच्या आरशाला अडकवली.

पुढे झुलींच्या घोड्या, मागे माळ घातलेली गाडी, गाडीत एक पुरुष, एक बाई. लोकांनी अजून काय समजायचं? एका सिग्नलला बँडवाली पोरं बसथांब्यावर ताटकळत होती, त्यांनी हात गरम करायला म्हणून वाजवायला सुरुवात केली. दोन कॉलेजातल्या मुलींनी बसची वाट बघता बघता नाचून घेतलं. एका आजीबाईंनी काचेवर टकटक करून बाईंच्या डोक्यावर हात ठेवला. जयंताचे कान असे लाल झाले, की मागच्या ट्रकने ब्रेक मारला.

मग ट्रॅफिक पोलीस आला. घोड्या पाहिल्या, दोर पाहिला, बॉनेटवरचा बर्फ पाहिला, घारी पाहिल्या. यातलं कलम कुठलं लावायचं ते त्याला सुचेना. शेवटी त्याने काचेत वाकून विचारलं, "दूल्हा कौन है?"

जयंत पुटपुटला, "जी, अभी कुछ तय नहीं है."

बाई समोरच्या घोड्यांकडे बघत शांतपणे म्हणाल्या, "पानीपत से मंज़ूरी आनी बाकी है."

पोलिसाने सलाम ठोकून रस्ता मोकळा केला. जयंताने त्यानंतर बराच वेळ स्टिअरिंग फिरवलंच नाही. घोड्या शहाण्या होत्या म्हणून वळणं निभावली.

बिट्टू दुकानाच्या दारात उभा होता. मी बर्फ काढला, पोती काढली, बॉनेटला हात लावून दाखवला. "गार आहे. ऐक."

जयंताने चावी फिरवली. टिक-टिक-टिक-टिक. गल्लीतली सगळी दुकानं बाहेर येऊन ऐकू लागली. कुणी म्हणालं टॅपेट, कुणी म्हणालं बेअरिंग. बिट्टूने लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक इंजिनवर टेकवलं, मुठीला कान लावला आणि इकडून तिकडे ऐकत गेला. डॉक्टर जसा पाठीवर नळी फिरवतो तसा. चेहरा पडत गेला.

"अंदर तो कोई नहीं ठोक रहा," तो म्हणाला. "लगता है खोलना ही पड़ेगा."

जयंताने बाईंकडे बघितलं. बाई डोळे मिटून उभ्या होत्या, बोटं शालीवर हलत होती.

"हे ठोकणं नाहीच, फाटक्या भात्याचा आवाज आहे," त्या म्हणाल्या. मग बिट्टूला कळावं म्हणून हिंदीत, "भैया, ये चोट नहीं है, साँस है. टिक के पीछे फुस्स है. मेरे हारमोनियम की धौंकनी फटती है तो ऐसे ही बोलती है. कहीं से हवा छूट रही है."

बिट्टू लगेच म्हणाला, "यही तो मैं कहने वाला था." बघा, माझ्या तोडीचा म्हटलं होतं ना.

पण पुढची युक्ती त्याचीच, ते कबूल करायला हवं. देवाच्या फोटोसमोरची उदबत्ती त्याने उचलली आणि इंजिनाच्या कडेने, धूर सोडणाऱ्या नळ्या जिथे इंजिनला जोडलेल्या असतात, त्या सांध्यावरून हळूहळू फिरवली. धूर सरळ वर जात होता, जात होता, आणि एका कोपऱ्यात आला तसा टिकटिकीच्या तालावर झटके खायला लागला. बिट्टूने आरसा धरून दाखवलं. तिथला नट कधीच पडून गेलेला, सांध्यातली फट बुजवणारं गॅस्केट जळून चिरलेलं. गार असताना त्या फटीतून इंजिन फुत्कारत होतं. तापलं की लोखंड फुगायचं, फट मिटायची, आणि गाडी साळसूद व्हायची.

"इंजन खोलना?" जयंताने घाबरत विचारलं.

"किस पागल ने बोला था?" बिट्टू म्हणाला.

इंजिन निवेपर्यंत थांबून त्याने नवं गॅस्केट घातलं, नट कसले. तोवर आम्ही छोले-कुलचे खाल्ले. जयंत तीन वेळा पाणी प्यायला. बाईंनी एक कुलचा जास्त मागवला आणि अर्धा त्याच्या ताटात ठेवला, ते मी पाहिलं नाही असं दाखवलं.

मग बिट्टू म्हणाला, "स्टार्ट करो जी."

जयंताने चावी फिरवली आणि डोळे मिटून घेतले. कुसुमावतीबाई बॉनेटवर वाकल्या. पुढून ऐकलं, बाजूने ऐकलं. सगळी गल्ली त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"चालू आहे ना?" त्यांनी विचारलं.

"चालू आहे," जयंत म्हणाला. आवाज त्याचाच कापत होता.

बाई जाऊन पुढच्या सीटवर बसल्या, पदर नीट आत घेतला, दार लावलं आणि पर्समधून फोन काढला. "वृंदाताई, अगं रविवारचं राहू दे, आम्ही आत्ताच निघतोय. हो, जयंतरावांच्या गाडीने. नाही गं, विचारायला नाही येत. सांगायला येतेय." मग मला म्हणाल्या, "अविनाशराव, इथून मेट्रो मिळते ना तुम्हाला?"

मी मागच्या दाराची मूठ सोडली.

जयंत एवढा खूश होता, की त्याने मला टाटासुद्धा केला नाही. आणि गाडी म्हणाल, तर अशी मुकाट निघाली, की तिच्या सावलीत झोपलेल्या कुत्र्याला ती गेल्याचा पत्ताच नव्हता. ती दोघं पानिपतच्या रस्त्याला लागली असतील, तेव्हा कुठे त्याच्या डोळ्यांवर ऊन आलं.